९१६ म्हणजे काय रे भाऊ?

घरात कुणी अलीकडे सोन्याची अंगठी घेतली असेल तर ती थोडा वेळ मागून घ्या. उजेडात धरा आणि आतल्या बाजूला भिंगातून पाहा. अगदी बारीक खुणा दिसतील. एक त्रिकोणी चिन्ह, ते भारतीय मानक ब्यूरोचं. अक्षरं आणि आकडे मिळून सहा खुणांचा एक सांकेतिक क्रमांक, तो त्या एकाच दागिन्याचा. आणि त्यांच्या सोबतीला लिहिलेलं असतं, २२के९१६.

हे ९१६ काय आहे? अंगठीची किंमत? नाही. वजन? तेही नाही. ९१६ ग्रॅमची अंगठी बोटात घालून कोण हिंडेल! हा आकडा सांगतो की या अंगठीच्या वजनाचे हजार सारखे भाग केले तर त्यातले ९१६ भाग सोन्याचे आहेत. उरलेले तांबं, चांदी अशा दुसऱ्या धातूंचे. ही भेसळ नव्हे बरं का. शुद्ध सोनं फार मऊ असतं, त्याची अंगठी रोजच्या वापरात वाकते, चेपते. म्हणून सोनार त्यात मुद्दाम थोडा कठीण धातू मिसळतात.

आणि ते २२के? ‘के’ म्हणजे कॅरट. पूर्ण शुद्ध सोनं म्हणजे २४ कॅरट. २२ कॅरट म्हणजे २४ भागांतले २२ भाग सोनं. आता वही घ्या आणि २२ ला २४ ने भागा. ०.९१६६६... असं लांबतच जातं. हजार भागांतले किती? ९१६ आणि वर थोडं. म्हणजे अंगठीवर दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्याच नाहीत! एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, एकदा चोवीस भाग पाडून, एकदा हजार भाग पाडून. शंभर भाग पाडले तर तीच गोष्ट ‘सुमारे ९१.६७ टक्के’ अशी होते. बारा पाडले तर नेमके ११ भाग सोन्याचे. सोनं तेवढंच, फक्त भाग पाडायची पद्धत बदलली.

बारा भागांचं रूप मला सगळ्यांत आवडतं, कारण ते तोंडी वापरता येतं. १२ ग्रॅमची साखळी २२ कॅरटची असेल तर सोनं ११ ग्रॅम आणि बाकीचे धातू १ ग्रॅम. २४ ग्रॅमची असेल तर २२ आणि २. सहा ग्रॅमची असेल तर साडेपाच आणि अर्धा. प्रत्येक वेळी सोनं दुसऱ्या धातूच्या अकरा पट. हे ११:१ म्हणजे त्या साखळीचं गुणोत्तर. साखळी केवढी आहे हे गुणोत्तर सांगत नाही, ते सांगतं की ती कशी आहे. नाकातल्या इवल्याशा चमकीचं आणि जाडजूड पाटलीचं गुणोत्तर एकच असू शकतं.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात पुष्कळ हुशार मुलंही पडतात. १८ कॅरटचं सोनं घ्या. २४ पैकी १८ सोनं आणि ६ दुसरे धातू, म्हणजे १८:६, म्हणजेच ३:१. आता दुसरे धातू किती टक्के? पटकन उत्तर येतं, तिनास एक, म्हणजे ३३ टक्के! थांबा. तिनास एक हे सोनं आणि दुसरा धातू यांच्यातलं नातं झालं. टक्के काढायचे तर अख्ख्या दागिन्याशी तुलना हवी, आणि अख्खा दागिना तीन भागांचा नाही, तीन अधिक एक, चार भागांचा आहे. चारातला एक, म्हणून २५ टक्के. सोनं ७५ टक्के, आणि दागिन्यावर शिक्का असतो ७५०. गुणोत्तर भागाची भागाशी तुलना करतंय की भागाची अख्ख्याशी, हे आधी ठरवलं की हा खड्डा लांबूनच दिसतो.

बाकीचे शिक्के तुम्हीच शोधा. २० कॅरटला किती येतात? ८३३. २३ कॅरटला? ९५८. दोन्ही शिक्के खरोखरच वापरात आहेत. पण १४ कॅरटला मात्र गंमत आहे. १४ भागिले २४ केलं की हजारात ५८३ येतात आणि शिक्का असतो ५८५! तुमचा भागाकार चुकलेला नाही. त्या प्रतीसाठी मानकच जरा वरचं ठरवलं आहे. गणिताने येणारा आकडा आणि माणसांनी ठरवलेला आकडा यांत कधी कधी असा केसभर फरक असतो. तो तुम्हाला स्वतःच्या भागाकारातून सापडला, तर त्यासारखी मजा नाही.

सोन्याची बाजारपेठ म्हटली की महाराष्ट्रात जळगावचं नाव निघतं. सुवर्णनगरीच म्हणतात तिला. याच जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचं गाव आहे, आणि तिथे गणितावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी जायला हवं. तिथल्या देवळात सापडलेला एक शिलालेख सांगतो की इ. स. १२०७ च्या सुमारास इथे एक मठ स्थापन झाला. कशासाठी? भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी! स्थापन करणारे चांगदेव हे भास्कराचार्यांचे नातू आणि यादव राजा सिंघण याच्या दरबारातले ज्योतिषी. आजोबांच्या गणितासाठी नातवाने शाळा काढली आणि ती गोष्ट दगडावर कोरून ठेवली.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत. त्यात मठाचा खर्च कसा चालावा याची व्यवस्था लिहिली आहे. बाजारातल्या व्यवहारांतला काही वाटा मठाला. आणि तेलाचे जेवढे घाणे चालतील, त्यांतल्या प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल मठाला. दहा घाणे चालले तर दहा पळ्या, पंधरा चालले तर पंधरा. घाणे दुप्पट तर तेल दुप्पट, घाणे निम्मे तर तेल निम्मं. तुमच्या पुस्तकात ज्याला समचलन म्हणतात ना, ते आठशे वर्षांपूर्वी मराठीत दगडावर कोरलं गेलंय. गणिताच्या शाळेला शोभेल असाच हा कर!

त्या शाळेत काय शिकवत असतील? ‘लीलावती’ तर नक्कीच. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, आणि ११५० मध्ये, म्हणजे वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी हा ग्रंथ लिहिला. त्यात एक नियम आहे, त्रैराशिक. तीन राशी माहीत, चौथी काढायची. भास्कराचार्यांना हा नियम इतका महत्त्वाचा वाटायचा की त्यांनी लिहिलं, विष्णूने जसं सारं विश्व व्यापलंय तसं त्रैराशिकाने सारं अंकगणित व्यापलंय. नियम त्यांनी शोधलेला नाही. त्यांच्या साडेसहाशे वर्षं आधी, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटांनी तो लिहून ठेवला होता. पुढे अकराव्या शतकात अल्-बिरूनी या विद्वानाने भारतीयांच्या या राशींच्या गणितावर अरबीत स्वतंत्र पुस्तक लिहिलं. युरोपातले व्यापारी तर या नियमाला सोन्याचा नियम म्हणायचे.

‘लीलावती’त त्रैराशिकाचं पहिलंच उदाहरण केशराचं आहे. ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती मिळेल? (निष्क हे नाणं, पल हे वजन.) अपूर्णांक बघून घाबरू नका. ९ हे ३/७ च्या किती पट? ९ ला ३/७ ने भागा, २१ पट. पैसे २१ पट तर केशरही २१ पट. अडीच गुणिले २१, साडेबावन्न पल. संपलं!

भास्कराचार्यांच्या भाषेत ३/७ हे प्रमाण, अडीच हे फल, ९ ही इच्छा, आणि जे काढायचं ते इच्छाफल. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. आपण शाळेत ‘एकाला किती’ हे आधी काढतो, ती एकमान पद्धतही हेच करते, फक्त भागाकार आधी आणि गुणाकार नंतर.

आता मला खरं सांगायचंय ते हे. गुणोत्तर, प्रमाण, शेकडेवारी हे तुमच्या पुस्तकात वेगवेगळे धडे असतात. एक संपला की दुसरा, त्याची नवी सूत्रं. पण धडे वेगळे असले तरी त्यांच्या आतली गोष्ट एकच. शेकडेवारी म्हणजे ज्याची एक राशी आधीच १०० ठरवून टाकली आहे असं त्रैराशिक. ‘लीलावती’तच याचा पुरावा आहे. तिथे एक प्रश्न विचारलाय, शंभराला एका महिन्यात पाच व्याज, तर सोळांना एका वर्षात किती? शंभराला पाच! हे आपले पाच टक्केच झाले की. महिन्याला शंभरामागे पाच, तर बारा महिन्यांत शंभरामागे साठ, आणि सोळांना ९.६. त्यात मुद्दल, महिने आणि व्याज मिळून पाच राशी दिलेल्या असतात, म्हणून ते पंचराशिक, पण सोडवताना आपण त्रैराशिकच दोनदा वापरलं.

म्हणून टक्के दिसले की पहिला प्रश्न विचारायचा, शंभर कशाचे?

दुकानावर पाटी असते, ‘घडणावळीवर ५० टक्के सूट!’ पन्नास हा आकडा भला मोठा रंगवलेला, घडणावळ हा शब्द बारीक. घडणावळ म्हणजे दागिना घडवण्याची मजुरी. समजा दागिन्यातलं सोनं ५०,००० रुपयांचं आहे आणि घडणावळ सोन्याच्या किमतीच्या १२ टक्के. म्हणजे ६,००० रुपये. कर बाजूला ठेवला तर बिल ५६,००० चं. सूट ६,००० च्या निम्मी, म्हणजे ३,००० रुपये. आता ५६,००० पैकी ३,००० म्हणजे शंभरात किती? साडेपाचसुद्धा नाही. पाटी खोटं बोलत नाही. तिचे शंभर घडणावळीचे आहेत, आणि वाचणाऱ्याने मनात धरलेले शंभर अख्ख्या बिलाचे.

हीच गोष्ट चढ-उताराची. एखाद्या वस्तूचा भाव १०० वरून १० टक्के चढला, ११० झाला. मग १० टक्के उतरला. परत १००? नाही, ९९. चढताना दहा टक्के शंभराचे होते, उतरताना एकशे दहाचे. क्रम उलटा करून बघा, आधी १० टक्के उतरू दे आणि मग चढू दे. उत्तर पाहून तुम्हाला जरा आश्चर्य वाटेल, आणि ते का तसं येतं हे वर्गात फळ्यावर समजावून सांगावंसं वाटेल.

त्रैराशिक हातात आलं की ते दिसेल तिथे लावायचा मोह होतो. तिथे सांभाळायचं. एका मुलीला एक गाणं म्हणायला चार मिनिटं लागतात, तर चौघींना मिळून तेच गाणं म्हणायला किती? सोळा नाही आणि एकही नाही! चारच. मुली वाढल्या म्हणून गाणं लांबत नाही. घडणावळही नेहमी वजनाच्या हिशोबात जात नाही. नाजूक नक्षीच्या छोट्या कर्णफुलांना साध्या जाड कड्यापेक्षा जास्त मेहनत लागू शकते. दोन गोष्टी खरंच एकमेकींबरोबर दुप्पट-तिप्पट होतात का, हे आधी बघायचं, मग गुणाकार.

काही जोड्या तर उलट्या चालतात. एक वाढली की दुसरी घटते. १८ ग्रॅमचा २२ कॅरटचा दागिना आणि २२ ग्रॅमचा १८ कॅरटचा दागिना, कशात सोनं जास्त? अंदाज करा, मग मोजा. १८ गुणिले २२ भागिले २४, साडेसोळा ग्रॅम. २२ गुणिले १८ भागिले २४, साडेसोळा ग्रॅम. अगदी बरोबरी! शुद्ध सोनं तेवढंच ठेवायचं असेल तर कॅरट कमी होईल त्या हिशोबात वजन वाढतं, म्हणजे वजन आणि कॅरट यांचा गुणाकार कायम राहतो. पुस्तकात हे व्यस्तचलन, ‘लीलावती’त व्यस्त त्रैराशिक. आणि तिथलंही एक उदाहरण सोन्याच्या शुद्धतेचंच आहे.

भास्कराचार्यांच्या काळी कॅरट नव्हते. सोन्याची प्रत वर्णात मोजायचे आणि सोळा वर्णांचं सोनं म्हणजे शुद्ध. ‘लीलावती’त सोन्याच्या मिश्रणावर वेगळं प्रकरणच आहे, आणि त्यातलं एक उदाहरण माझं फार लाडकं आहे. १३ वर्णाचं १० मासे सोनं, १२ वर्णाचं ४ मासे, ११ वर्णाचं २ मासे आणि १० वर्णाचं ४ मासे. (मासा म्हणजे तोळा-माशातला मासा.) सगळं एका मुशीत घालून वितळवलं. आता त्याचा वर्ण किती?

कुणी म्हणेल १३, १२, ११, १० यांची सरासरी काढा, साडेअकरा. पण मुशीत काय पडलंय ते बघा ना. १३ वर्णाचं सोनं दहा मासे आहे आणि ११ वर्णाचं जेमतेम दोन. दोघांना सारखा मान कसा देणार? ज्याचं वजन जास्त त्याचं म्हणणं जास्त. म्हणून आधी वजन आणि वर्ण यांचा गुणाकार: १३०, ४८, २२ आणि ४०. बेरीज २४०. एकूण वजन २० मासे. २४० भागिले २०, बारा वर्ण.

भास्कराचार्य तिथे थांबत नाहीत. ते विचारतात, हे वीस मासे तापवून शुद्ध करताना हीण जळालं आणि १६ मासे उरले, तर वर्ण किती? हीण गेलं, पण सोनं जसंच्या तसं राहिलं. म्हणजे २४० तेच. २४० भागिले १६, पंधरा वर्ण. आणि पार १६ वर्णाचं, शुद्ध करायचं ठरवलं तर किती मासे उरतील? २४० भागिले १६, पंधरा मासे. वीस माशांच्या गोळ्यात शुद्ध सोनं मुळात पंधरा मासेच होतं. वीस आणि बारा, सोळा आणि पंधरा, पंधरा आणि सोळा, प्रत्येक जोडीचा गुणाकार २४०. बाहेरून वजन बदलतंय, प्रत बदलतेय, आणि आत तो एक आकडा तस्साच आहे.

आता त्या बारा वर्णाच्या मिश्रणाकडे आजच्या नजरेने बघा. सोळातले बारा म्हणजे पाऊण भाग, म्हणजे ७५ टक्के, म्हणजे २४ पैकी १८. बाराव्या शतकातल्या त्या काल्पनिक मुशीतून निघालेल्या सोन्याची अंगठी आज केली, तर तिच्यावर १८के७५० असा शिक्का बसेल! हे गणित करताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

मिश्रणाचा हा नियम परीक्षेतही वापरा. एका चाचणीत १० पैकी ९ मिळाले, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्या परीक्षेत १०० पैकी ५०, म्हणजे ५० टक्के. दोन्ही मिळून ७० टक्के? नाही. ११० पैकी ५९, चोपन्न टक्क्यांच्याही थोडं आत. दहा गुणांची चाचणी म्हणजे दोन मासे सोनं.

आणि आता तुमची पाळी. ‘लीलावती’तलाच प्रश्न आहे. सोन्याच्या दोन गोळ्या, एक १६ वर्णाची, दुसरी १० वर्णाची. दोन्ही एकत्र वितळवल्या तर १२ वर्णाचं सोनं झालं. गोळ्यांच्या वजनांचं गुणोत्तर काय? एक दिशा दाखवतो. १६ पासून १२ किती खाली आलं आणि १० पासून किती वर गेलं ते मोजा, आणि विचार करा की मिश्रण ज्याच्या जास्त जवळ राहिलं त्याचं वजन जास्त असणार की कमी.

सोनं वितळवायची सोय घरी नसते, दुधाची मात्र असते. पिशवीवर वाचा. टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के लिहिलेला असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के. ही दोन दुधं मिसळून ४ टक्के स्निग्धांशाचं दूध हवं असेल, तर कुठलं किती घ्याल? आधी सोन्याचं उत्तर लिहा, त्याच्या शेजारी दुधाचं लिहा, आणि मग दोन्ही गुणोत्तरांकडे नीट बघा.